उजव्या कानाची गादी

दाजी गेल्याची बातमी मला शाळेत कळली. शनिवारची सकाळची शाळा होती. तास संपवून मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन ठेवत होते, तेवढ्यात दारात जाधव येऊन उभे राहिले. जाधव म्हणजे माझ्या बहिणीचे सातपूरचे शेजारी. तिथून थेट पंचवटीपर्यंत सायकल हाणत आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. "बाई, दाजी गेले," ते म्हणाले. "खुर्चीतच गेले. सकाळी चहाच्या टायमाला." माझ्या हातात ओली परीक्षानळी होती. ती मी नीट स्टँडवर ठेवली, हात पुसले आणि विचारलं, "हेडफोन कानावर होता का?" बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं असणार. "होता," ते म्हणाले. "आक्कांनी काढला."

या प्रश्नाची मला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. माणूस गेला आणि मी वस्तूची चौकशी केली... पण ज्यांनी गेली पंधरा-सोळा वर्षं दाजींना पाहिलंय त्यांना तो प्रश्न तितका वेडगळ वाटणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नाव सुदाम, पण मी दाजी म्हणायचे म्हणून हळूहळू अर्धी कॉलनी त्यांना दाजी म्हणू लागली. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला कामगार आणि सुट्टीच्या दिवशी, लग्नसराईत, जयंतीच्या आठवड्यात 'साउंडवाला'. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, एक माइक, तबकड्या वाजवायची दोन यंत्रं आणि तो हेडफोन. बाकीचं सगळं कामापुरतं बाहेर निघायचं. हेडफोन मात्र जेवताना गळ्यात, दाढी करताना खुंटीवर आणि झोपताना उशीच्या बाजूला असायचा. आक्का चिडून म्हणायची, "माझी सवत आहे ती, काळी आणि दोन तोंडांची."

हेडफोन घरात आला तोच मुळी भांडण घेऊन. आमचे वडील नामपूरला पोस्टमन होते. आयुष्यभर सायकलवर टपाल वाटून त्यांनी थोरल्या जावयाला लग्नात मनगटी घड्याळ दिलं होतं. लग्नानंतर सात-आठ वर्षांनी, बहात्तरच्या आसपासची गोष्ट. दाजी सुट्टीला नामपूरला आले तेव्हा मनगट रिकामं. मी नुकतीच नाशकात शिक्षिका म्हणून लागले होते आणि सुट्टीत घरी आले होते, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. वडिलांनी पाणी दिलं, ख्यालीखुशाली विचारली आणि मग सरळच विचारलं, "पाव्हणा, घड्याळ कोठे शे?" दाजींनी पिशवीत हात घातला आणि हेडफोन काढून पाटावर ठेवला. मुंबईच्या जुन्या बाजारात एका माणसाला घड्याळ देऊन त्याच्याकडून तो घेतला होता. कुठल्याशा परदेशी कंपनीचा. नाव झिजून गेलेलं, फक्त शेवटची दोन अक्षरं शिल्लक. "हाई काय शे?" वडिलांनी विचारलं. दाजींनी उत्साहाने तो त्यांच्या कानांवर चढवला, टोपीवरूनच. वडील बराच वेळ ताठ बसून राहिले. "यामा ते काईच वाजत नई," ते म्हणाले. "मामा, त्याला तार जोडावी लागते," दाजी म्हणाले. त्यानंतरचे दोन दिवस वडील दर अर्ध्या तासाने ओसरीवरून हाक मारून विचारायचे, "पाव्हणा, कितला वाजनात?" आणि दाजी निमूटपणे बाहेर जाऊन उन्हाकडे बघून वेळ सांगायचे. मला हसूही येत होतं आणि रागही. घड्याळाच्या बदल्यात माणूस असलं काही का घेईल, हे मला कळेना, आणि न कळलेलं तसंच सोडून देणं माझ्या स्वभावात नाही.

नाशकात परतल्यावर पहिल्याच लग्नाला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तेव्हा ते कोडं सुटलं. दाजींच्या आधी आमच्याकडे लग्नात गाणं संपलं की भोंगा काही वेळ मुका व्हायचा. साउंडवाला तबकडी बदलेपर्यंत मांडवात भांड्यांचे आवाज, पोरांचं रडणं. दाजींना ती फट सहन होत नसे. दोन यंत्रांपैकी एकावर गाणं चालू असताना ते दुसऱ्यावर पुढची तबकडी लावत, डाव्या कानावर हेडफोन ठेवत आणि उजवी वाटी मागे फिरवून उजवा कान मोकळा सोडत. त्या हेडफोनच्या वाट्या अशा फिरत, त्यासाठीच तर तो घेतला होता. मग बोटाने तबकडी मागेपुढे करून गाण्याचा पहिला सूर शोधायचा आणि सुराच्या अगदी अलीकडे तबकडी बोटाने धरून ठेवायची. तबकडीखाली त्यांनी जुन्या घोंगडीचा गोल तुकडा कापून घातला होता. खाली यंत्र फिरत राही आणि वर तबकडी बोटाखाली थांबलेली. इकडचं गाणं संपता संपता तिकडचं बोट उचललं की झालं! मांडवात कुणालाच काही कळायचं नाही. दाजी मात्र माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. "सगळ्यांच्या आधी ऐकतो मी," ते म्हणाले. "एका कानात आत्ताचं, एका कानात पुढचं. मामांच्या घड्याळात फक्त आत्ताचंच दिसायचं." हे वाक्य मी वडिलांना पत्रातून कळवलं.

एक नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता, तो त्यांनी कुणाकडून उचललेला नव्हता. त्रिशरण-पंचशील म्हणताना गाणी बंद, हे तर सगळीकडेच असतं. पण दाजी आणखी एकदा भोंगा बंद करायचे. पाठवणीच्या वेळी मुलीचा पाय मांडवाबाहेर पडला की चालू गाणं असेल तिथून सुई उचलायची. यजमान कधी कधी रागवायचे, पाठवणीचं गाणंच तर लोकांना हवं असतं. दाजी ऐकायचे नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "त्या टायमाला आई पोरीला काहीतरी सांगती. रोज सांगती तेच, पण सांगती. त्याच्यावर गाणं नाय टाकायचं." मग माझ्याकडे बघून, "तुझी एक तबकडी मी बाजूला काढून ठेवलीय बरं का, मास्तरीणबाई. लवकर ठरव." मी लग्न केलं नाही, तो निराळा विषय. ती तबकडी कोणती, हे मला अजूनही माहीत नाही.

हेडफोनसोबत राहायचं म्हणजे त्याची दुखणी काढायची, हे आक्काला फार लवकर समजलं. दोनेक वर्षांत गाद्यांवरच्या रेक्झिनचे पापुद्रे सुटू लागले. दाजी घरी आले की कानाच्या पाळीला, गालाला, कधी मिशीलासुद्धा काळे कपटे चिकटलेले. आतला स्पंज पीठ होऊन सांडायचा. असल्या गाद्या नाशकात मिळणं शक्यच नव्हतं. आक्काने जुन्या मखमली ब्लाउजच्या बाह्यांच्या दोन गोल पिशव्या शिवल्या, आत उशीतला कापूस भरला आणि नाडी घालून वाट्यांवर ओढून बसवल्या. मरून रंगाच्या! पुढे त्या तेलाने काळ्या पडल्या की नव्या, अशा दर वर्ष-दीड वर्षाने. बिजागरीचा स्क्रू पडला तिथे दाजींनी सायकलची आरी वाकवून घातली. टेलिफोनसारखी वळ्यावळ्यांची वायर ताणून ताणून सुतळीसारखी सरळ झाली. तिच्यात एक जागा अशी होती की तिथे वाकली की एक बाजू गप्प. ती जागा दाजींना झोपेतही सापडली असती, अंगठ्याने दाबून धरायचे. डोक्यावरची पट्टी तुटली तेव्हा कारखान्यातल्या पत्र्याची पट्टी आली आणि तिच्यावर आक्काच्या लुगड्याचा काठ गुंडाळला गेला. मी एकदा गमतीने हिशोब मांडला की मुंबईहून आलेल्या मूळ हेडफोनचं त्यात नक्की काय शिल्लक आहे. आतली दोन चुंबकं आणि नावाची ती दोन अक्षरं, एवढंच निघालं.

मला जे कळायला नको होतं ते कळलं तेही या निरखण्याच्या खोडीमुळेच. पहिली सात-आठ वर्षं डाव्या बाजूची गादी आधी झिजायची, कारण हेडफोन डाव्या कानावर असायचा. एका दिवाळीत आक्का गाद्या बदलत होती आणि मला दिसलं की उजवी झिजलीय, डावी कोरी. म्हणजे दाजींनी बाजू बदलली होती. आता ते उजवा कान हेडफोनला देत होते आणि डावा मांडवाला. सवयीचा हात माणूस उगाच बदलत नाही. मी लक्ष ठेवू लागले. बोलणाऱ्याकडे ते डावा खांदा पुढे करत. उजवीकडून हाक मारली तर वळत नसत, गुंग असल्यासारखं दाखवत. प्रेस शॉपमध्ये त्यांची जागा कुठे, हे मी त्याच कारखान्यातल्या जाधवांना सहज विचारल्यासारखं विचारलं. पत्रा ठोकणारी, दिवसभर धडधडणारी मोठी प्रेस त्यांच्या उजव्या हाताला होती.

मग मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा माइक बिघडलाय असं सांगून मी त्यांना रविवारी प्रयोगशाळेत बोलावलं. ते खाली वाकून वायरी बघत होते. मी कपाटातला नादकाट्यांचा संच काढला आणि त्यांच्या पाठीमागे उभी राहून एकेक काटा रबरी ठोकळ्यावर आपटून त्यांच्या उजव्या कानाशी धरत गेले. जाड काटा वाजला तेव्हा त्यांनी मान हलवली. त्याहून बारीक आवाजाचा धरला, मान जरा उशिरा हलली. सगळ्यात बारीक आवाजाचा काटा कानाशी घुमत होता, मला हाताच्या अंतरावरून स्पष्ट ऐकू येत होता आणि दाजी शांतपणे स्क्रू पिळत होते. मी डावीकडे गेले. तिकडेही शेवटचे दोन काटे त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत. मी काटे ठेवून दिले, तशी त्यांनी न वळताच विचारलं, "नापास केलं का मला, मास्तरीणबाई?" काचेच्या कपाटात त्यांना सगळं दिसत होतं. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. मुलांना मी आवाजाचा धडा इतकी वर्षं शिकवत होते, आणि घरातला माणूस बहिरा होत चाललेला मला गादीच्या कापडावरून कळावं!

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "आक्काला नाय सांगायचं. ती म्हणेल प्रेस शॉप सोड. प्रेस शॉपवर घर चालतंय, शकू. आणि भोंग्यावर मी चालतोय." गिऱ्हाइकाला कळलं तर दुसऱ्या दिवसापासून कुणी दारात उभं राहणार नाही, हे तर होतंच. बहिऱ्या माणसाच्या हातात लग्नाचा माइक कोण देईल? मी कानाच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. त्यांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा आणि कानाला मशीन लावा. दाजींनी मशीन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं. "हेडफोन कानावर असला की लोक म्हणतात, माणूस कामात हाय," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "हे लावलं की म्हणतील, बहिरा हाय." तेव्हापासून मी त्यांच्या बाजूने खोटं बोलायला लागले. आक्का म्हणाली, हे हाकेला ओ देत नाहीत, की मी म्हणायचे, अगं गाण्यात असतील. मी स्वतःला फार विश्वासाची समजत होते. एवढं मोठं गुपित बहिणीपासून राखणं सोपं नव्हतं, आणि ते मी राखलं, याचा मनातून थोडा गर्वसुद्धा होता.

रंजनाचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की दाजी, या वेळी दुसऱ्याला साउंड द्या, तुम्ही मुलीचे वडील आहात. दाजी ऐकेनात. गावच्या सगळ्या पोरींच्या लग्नात मी, आणि माझ्याच पोरीला दुसरा? कॉलनीच्या मैदानात मांडव पडला. मुलीचा बाप पांढऱ्या सदऱ्यात, नवी टोपी घालून, पाहुण्यांकडे न बघता यंत्रांमागे बसला. आणि पहिल्यांदाच मी पाहिलं की त्यांनी दोन्ही वाट्या दोन्ही कानांवर ओढल्या आहेत. ते स्वतःच नेहमी म्हणायचे की दोन्ही कान झाकून बसणारा साउंडवाला नव्हे, तो नुसता ऐकणारा. मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी नुसती मान हलवली, जा म्हणून. डोळ्यांनी सांभाळत होते सगळं. सुई कुठवर आली ते बघून तबकड्या बदलत होते. सकाळभर एकही फट पडली नाही.

पाठवणीला मात्र चुकलं. रंजना मांडवाच्या तोंडाशी आली, बायकांचा घोळका तिच्याभोवती जमला आणि त्या घोळक्यामुळे दाजींना मुलीचे पाय दिसेनात. मान उंचावून ते तिकडेच बघत राहिले आणि इकडे तबकडी संपली. सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली आणि दोन्ही भोंग्यांतून खर्र-टक्, खर्र-टक्, खर्र-टक्... सगळ्या मैदानावर. लोक वळून पाहू लागले. कुणीतरी म्हणालं, बापाचं काळीज आहे, सुई उचलायचंही सुचेना. मी जागची हललेच नाही. मी गेले तर सगळ्यांना कळेल, असं मला वाटलं. तेवढ्यात आक्का घोळक्यातून बाहेर आली, पदर खोचत यंत्रापाशी गेली, सुई उचलून बाजूला ठेवली आणि तशीच परत मुलीकडे गेली. मैदान एकदम शांत झालं. त्या शांततेत आक्का रंजनाला काहीतरी म्हणाली, दोन-तीन वाक्यं. दाजी हेडफोन तसाच ठेवून दुरून आक्काच्या ओठांकडे बघत होते. इतक्या आयांसाठी ज्या माणसाने भोंगा बंद केला, त्याला स्वतःच्या घरचं ते बोलणं ऐकू आलं नाही. हे त्या मैदानात फक्त मलाच ठाऊक आहे, असं मी समजत होते.

त्यानंतर महिन्याभरात दाजींनी भोंगे आणि यंत्रं जाधवांच्या मेहुण्याला देऊन टाकली. कारखान्यातूनही लवकरच बाहेर पडले. घरात राहिला ॲम्प्लिफायर, माइक आणि हेडफोन. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची लाकडी हातांची खुर्ची, शेजारी स्टुलावर ॲम्प्लिफायर. त्याची वायर दारावरून स्वयंपाकघरात गेलेली आणि तिथे ओट्याच्या वर, खिळ्याला, माइक टांगलेला. "हे काय?" मी विचारलं. "माइक तपासतोय," दाजी म्हणाले आणि मला डोळा घातला. मला लगेच उमगलं. आक्काच्या नकळत ते घरातले आवाज कानात आणून घेत होते! मी खूश होऊन त्यांना शाळेतून जास्त लांबीची वायर आणून दिली. चार वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचं ते माइक तपासणं चालू होतं. आक्का त्यावर कधी काही बोलली नाही. फक्त तिला त्या दिवसांत एक सवय लागली होती, ओट्याशी एकटीच बडबडायची. भाकरी थापता थापता भाजी महाग झाली, रंजनाचं पत्र आलं, शेजारणीचा गुडघा दुखतो, सगळं मोठ्याने. वयाचा परिणाम, असं मी दोघीतिघींना सांगितलंसुद्धा. आणि दाजींना एक खोड लागली होती, मधूनमधून बोटाच्या पेराने खुर्चीच्या हातावर दोनदा ठोकायची. टक्-टक्. माइक लावला की ते पहिल्यांदा त्याच्यावर तसंच ठोकायचे, त्यामुळे ती मला जुन्या धंद्याची सवय वाटली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, रंजनाही सासरी मनमाडला परतली. गेल्या रविवारी मी सातपूरला गेले. खुर्ची तिथेच होती. आक्काने हेडफोन खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवला होता. ॲम्प्लिफायरचा छोटा लाल दिवा चालू होता. "बंद कर ना गं तो," मी म्हटलं. "राहू दे," आक्का म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मी खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत मी हेडफोनविषयी सगळं विचारलं होतं, पण दाजींना त्या चार वर्षांत नेमकं काय ऐकू येत होतं, हे कधी स्वतः ऐकून पाहिलं नव्हतं. मी तो कानांवर चढवला. खोबरेल तेलाचा वास आला. डाव्या कानाला मऊ कापूस लागला आणि उजव्या कानाला जवळजवळ काहीच नाही. मी काढून पाहिला. डावी गादी जाड होती, उजवी एकेरी कापडाची, कापूस नाहीच. शिवण आक्काची, बारीक आणि सरळ. आक्काचं शिवणं कधी असं लहानमोठं झालेलं मी पाहिलेलं नाही. मी पुन्हा चढवला.

भांड्याचा आवाज. बांगड्या. काडी ओढली, स्टोव्ह पेटला, पाणी पातेल्यात पडलं. सगळं इतकं जवळ की मी दचकले. मग आक्काचा आवाज आला, माइककडे तोंड करून, रोजच्या आवाजात.

"घातलास ना कानाला? मला माहीत होतं, तू घालणार. उजवीकडचा कापूस मी पहिल्यापासूनच काढत गेले, शकू. तू ते काटे वाजवलेस ना, त्याच्याही दोन वर्षं आधीपासून. आवाज तेवढाच जवळ येतो. एके ठिकाणी झोपणाऱ्या माणसाला कळत नाही होय? रंजीचं लग्न झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात ह्यांनी माइक टांगला आणि पहिल्यांदा काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हणाले, रंजीला त्या दिवशी काय बोललीस ते पुन्हा बोल. मग बोलले मी, हितं उभी राहून, पिठाच्या हाताने. पोचलीस की पत्र टाक. उपाशी कामाला लागू नको. बाप विचारतो म्हणून नाही, पण पत्र टाक... एवढंच तर होतं. तिकडून ठोका आला. टक्-टक्. म्हणजे ऐकलं. तेव्हापासून तसंच. मी बोलायचं, त्यांनी ठोकायचं. तुला सांगायचं होतं गं, पण तुझे दाजी म्हणाले, राहू दे, तिनं एवढं सांभाळलंय, तिचा विरस होईल."

स्टोव्हचा आवाज येत होता. साखरेचा डबा उघडल्याचं ऐकू आलं.

"त्या दिवशी चहा ओतला आणि म्हटलं, साखर कमी घातलीय, डॉक्टरने सांगितलंय. ठोका आला नाही. पुन्हा म्हटलं. नाही आला. म्हणून वळून पाहिलं मी."

मला काहीतरी म्हणायचं होतं, पण तो माइक एकाच बाजूने चालतो. खुर्चीच्या उजव्या हातावर पॉलिश उडून एक छोटा फिकट ठिपका पडला होता. मी बोटाच्या पेराने त्याच्यावर दोनदा ठोकलं.

आतला आवाज थांबला. कपबशी खाली ठेवल्याचं ऐकू आलं, नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग आक्का म्हणाली, "आलं घालते थोडं," आणि किसणीवर आलं किसायला लागली.